हापशाची कुऱ्हाड

आधी कबूल करून टाकते. माझ्या मुलीच्या लग्नाचं सगळं सरपण मी एकटीनं फोडलं होतं. तीन बैलगाड्या लाकूड, सात दिवसांत. एक ढलपीसुद्धा दुसऱ्या कोणाला फोडू दिली नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, म्हातारी बढाई मारून राहिली. तेव्हा ती बढाईच होती. आज तिला मूर्खपणा म्हणण्याइतकी अक्कल मला आली आहे, पण ती आली तेव्हा ज्यांच्यापुढे वापरायची ती माणसं उरली नव्हती. अक्कल आणि पाव्हणे, दोघेही आमच्या घरी पंगत उठल्यावरच येतात.

फाल्गुन सरत आला की आमच्या आदिलाबादकडची लाकडं उन्हात तडकायला लागतात. कापून दोन-तीन महिने झालेला ओंडका दुपारच्या वेळी आपसूक 'तट्' करतो. पाहायला जावं तर तोंडावर केसाएवढी चीर. दुसऱ्या दिवशी ती दोऱ्याएवढी होते, आठवड्यात तिच्यात सुरीचं टोक जातं. यंदा रस्ता रुंद करताना आमच्या दारासमोरचा कडूलिंब कापला. त्याचे ओंडके तसेच पडून आहेत, कोणी उचलत नाही. घरोघरी गॅस आहे, कोण नेणार? परवा दुपारी पडल्या पडल्या माझ्या कानावर तो 'तट्' आला आणि मी ताडकन उठून बसले. सुनेनं विचारलं, "काय झालं वं माय?" मी म्हटलं, "काई नाई, लाकूड फुटलं." ती म्हणाली, "फुटू द्या." आणि आत गेली. तिचंही खरंच आहे. आता लाकूड फुटलं काय आणि न फुटलं काय.

पण एके काळी या आवाजानं अंगात लगबग शिरायची. चीर दिसली की सरपणाचे दिवस आले. मृग लागायच्या आत वर्षाचं जळण फोडून, रचून, ताडपत्रीखाली गेलं पाहिजे. मला अजूनही डोळे झाकून लाकडं ओळखता येतात. धावडा घावाला खणखणतो, जसं काही तांब्याच्या हंड्यावर मारलं. सालई फोडताना तिच्यातून देवघरासारखा वास सुटतो, पण चुलीत ती बोलबच्चन. भडकते फार, टिकत नाही. मोहाचा निखारा सकाळपर्यंत राखेखाली जागा असतो. बाभूळ फटकळ, पण कामाची. आणि चिंच! चिंचेच्या बुंध्याच्या गाठीसमोर मी चांगले चांगले पैलवान घाम पुसत बसलेले पाहिले आहेत. सागाला हात लावायचा नाही. चुलीत सागाची काडी सापडली तरी जंगलवाला पंचनामा लिहायला बसायचा.

तर आमच्या गावात एक रीत होती. गाव इचोड्याहून सात-आठ मैल आत, कापूस-ज्वारीचं. लग्नघरचं सरपण लग्नघरानं फोडायचं नाही. लग्नाच्या दहाएक दिवस आधी भाऊकीत घरोघरी सांगावा जायचा आणि ठरल्या सकाळी माणसं खांद्यावर कुऱ्हाडी टाकून अंगणात जमायची. दारात त्यांच्या पायांवर पाणी घालायचं, कुऱ्हाडीच्या पात्याला हळदीकुंकू लावायचं. पहिला घाव घरातल्या थोरल्याचा. तो कितीही म्हातारा असो, थरथरत्या हातानं एक टवका उडवला तरी चालेल, पण त्याच्याआधी कोणी कुऱ्हाड उचलायची नाही. मग दिवसभर धाडधाड. साऱ्या गावाला कळायचं, लग्न कुठं आहे. दुपारी तुरीचं वरण, भाकरी, अंबाडीची भाजी, आणि पंगत एकच.

आणि अजून एक होतं. ज्याच्याशी अबोला असेल त्याच्याही घरी सांगावा जायचा, आणि त्यानंही तो मोडायचा नाही. यायचं, बोलायचं नसेल तर बोलू नये, पण लाकूड फोडायचं. आता गंमत अशी की गाठीचं लाकूड एका माणसाला दाद देत नाही. त्याची चीर शोधून तिच्यात लोखंडी पाचर बसवावी लागते. एकानं पाचर धरायची, दुसऱ्यानं घण घालायचा. धरणाऱ्यानं 'थांब' म्हटलं पाहिजे, मारणाऱ्यानं 'सोड' म्हटलं पाहिजे. मुकाट्यानं केलं तर बोटं जातात. म्हणून एखादा जाणता म्हातारा अबोल्यातली दोन माणसं हेरून बरोबर चिंचेच्या गाठीवर बसवून द्यायचा. सकाळभर 'सोड', 'मार', 'अजून थोडं' एवढं झालं, की पंगतीत 'मीठ सरकव' म्हणायला जड जात नसे. आम्ही बायका चुलीपाशी हसायचो. पुरुषांना रुसवा काढायलासुद्धा कुऱ्हाड लागते, म्हणायचो. बायकांचं बरं, आम्ही भांडलो तर निदान तोंडानं भांडतो.

आमच्या ह्यांचा आणि ह्यांच्या मोठ्या भावाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भासऱ्यांचा, आठ वर्षांचा अबोला होता. कारण साधं नव्हतं. सासूबाई गेल्या त्या पौषात, आमच्या घरी. भासरे कापसाची गाडी घेऊन आदिलाबादच्या बाजारात गेलेले. निरोप धाडला होता, पण दुपारी एकाएकी अवकाळी आभाळ भरून आलं. गावातली मोठी माणसं म्हणाली, लाकडं भिजली तर म्हातारीची फार विटंबना होईल, आता थांबू नका. ह्यांनी अग्नी दिला. पाऊस आलाच नाही. वारा सुटला, ढग निघून गेले, आणि लख्ख ऊन पडलं. भासरे गाडी पळवत आले तेव्हा सगळं विझत आलं होतं. आईला अग्नी द्यायचा मान थोरल्या लेकाचा. तो धाकट्यानं घेतला, आणि तोही न आलेल्या पावसासाठी. भासरे ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते कडेला बसून राहिले, आणि उठून गेले ते पुन्हा आमची पायरी चढले नाहीत. त्यांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर.

त्या वेळच्या माझ्याबद्दल काय सांगू! मनातल्या मनात मला बरंच वाटलं होतं. सासूबाई गेल्या, भासऱ्यांचं येणं-जाणं थांबलं. डोक्यावरचा पदर चार बोटं मागं सरकवायला मोकळीक झाली. हे भिंतीकडे पाहून तासन् तास बसायचे, आणि मला वाटायचं, ह्यांना कापसाच्या बोंडअळीची काळजी लागली आहे. नवऱ्याच्या मनातलं आपल्याला सगळं कळतं असं मी बायकांमध्ये ठासून सांगायची. बायका माना डोलवायच्या. त्यांनाही त्यांच्या नवऱ्यांचं सगळं कळत होतं.

मुलीचं, सुमनचं, लग्न ठरलं तेव्हा नव्वदचं साल नुकतंच उलटलं होतं. मांडवाचं सामान पाहायला मी इचोड्याला गेले होते. हमरस्त्यावर ट्रकांची रांग, रांगेमागे ढाबा. आणि ढाब्यामागे मला जे दिसलं त्यानं माझे पाय जागीच खिळवले. तिथला म्हातारा आचारी, ज्याच्या मनगटात दोडकं सोलायचाही जोर दिसत नव्हता, एका हातानं लोखंडी दांडा हापसत होता आणि त्याच्यासमोर बाभळीचा ओंडका आपोआप फाटत होता. लोखंडी चौकट, तिच्या माथ्यावर उलटं बसवलेलं पातं, खाली ट्रक उचलायचा तेलाचा जॅक. जॅकवरच्या पाटावर लाकूड उभं करायचं, दांडा हापसायचा. पाट हळूहळू वर चढतो आणि लाकूड आपल्या पायानं चालत गेल्यासारखं पात्यात शिरतं. जन्मभर मी कुऱ्हाड लाकडावर पडताना पाहिली होती. लाकूड कुऱ्हाडीकडे जाताना पहिल्यांदा पाहिलं.

"हे कोनं बनवलं?" मी विचारलं. आचाऱ्यानं बोटानं शेजारचं पत्र्याचं शेड दाखवलं.

शेडमधला मेस्त्री ट्रकांचे जॅक दुरुस्त करायचा. त्याच्याकडे तीन तऱ्हेची यंत्रं होती. एक विजेच्या मोटरीवरचं. ते मी लगेच नापास केलं, कारण आमच्या गावात दिवसा करंट म्हणजे जावयासारखा, आला तर आला. दुसरं ट्रॅक्टरला जोडायचं. ट्रॅक्टर गावात एकाचाच, आणि कोणाच्या मिनत्या करायला लागू नयेत म्हणून तर मला यंत्र हवं होतं. राहिलं हातानं हापसायचं.

मेस्त्रीनं सालईचा एक सरळसोट तुकडा उभा केला आणि चार हापशांत दोन फाका केल्या. "देखो बाई, मक्खन!"

"मक्खन हमारे घरमें भी निकलता," मी म्हटलं. "हमकू चिंच फोडके दिखाव. गाठवाली."

"इमली? अरे बाई, इमली को कौन—"

"हमारे अंगन में इमलीच पडी है. उसकू क्या बजार में जाके सालई से बदली करूं?"

त्यानं कपाळावर हात मारला, पण ढाब्यामागून चिंचेची एक गाठ आणली. मी तिची चीर पात्याखाली धरायला लावली, गाठ खालच्या अंगाला. दांडा मी स्वतः हापसला. पाट वर चढला, पातं टेकलं, आणि मग काहीच होईना. दांडा दगड झाला. मी दोन्ही हातांनी लोंबकळले. आतून 'कर्रर्र' असा आवाज आला, आणि गाठ सावकाश उकलली, बोंड उकलतं तशी. तरी मी लगेच हो म्हटलं नाही. दुसरा ओंडका पात्यात अर्धा घुसवून हापसणं थांबवलं आणि म्हटलं, आता चहा पाजा. चहा पिऊन होईस्तोवर पाट बोटभरही खाली बसला नाही, खाली ठेवलेल्या वर्तमानपत्रावर तेलाचा एक थेंब नाही. मेस्त्री म्हणाला, "बाई, आपके घर में लडका है तो मेरे पास काम पे भेजो. नहीं तो आपच आ जाव." मी इतकी फुगले की परतीच्या गाडीत माझ्यासाठी जागा पुरली हेच नवल.

म्हणजे बघा, यंत्र निवडण्यात मी कुठंही चुकले नाही. ते वाईट निघालं असतं, पहिल्याच दिवशी मोडलं असतं, तर आज मला हे लिहावं लागलं नसतं.

हे तेव्हा लग्नाच्या अक्षता घेऊन वांकिडीकडं माझ्या माहेरी आणि तिथून पुढं राजुऱ्याच्या पाव्हण्यांकडे गेले होते. सात दिवसांचा फेरा, आणि परतल्याच्या दुसऱ्या सकाळी या म्हणून भाऊकीला सरपणाचा सांगावा गेलेला. मी ठरवलं, हे परत येईस्तोवर सगळं सरपण फोडून रचून ठेवायचं आणि ह्यांना चकित करायचं. भाऊकीतल्या पंधरा माणसांचं जेवण नको, त्यांचे मान नकोत, 'वहिनी, मीठ कमी झालं' नको. पदर खोचून मी उभी राहिले.

पहिल्या दिवशी गावातल्या बायका पाहायला आल्या. एकीनं नाव ठेवलं, 'हापशाची कुऱ्हाड', कारण दांडा बोअरिंगच्या हापशासारखा खालीवर करायचा. दुसरी म्हणाली, "पानी निंगते का वं यातून?" मी म्हटलं, "निंगते ना, माह्या घामाचं." तिसऱ्या दिवसापर्यंत तळहाताला फोड आले. चौथ्या दिवशी मी लाकडाचं तोंड नुसतं पाहून सांगू लागले, हे दहा हापशांत जाईल, हे वीस. पाचव्या दिवशी चिंच संपवली. सातव्या दिवशी गोठ्याच्या भिंतीला लागून वळचणीपर्यंत अशी रास रचली की कडेला हात फिरवला तर एक काडी बाहेर लागत नव्हती. एवढं सगळं झालं, पण आमच्या अंगणातून आवाज असा गेलाच नाही. 'कर्रर्र' शेजारच्या घरापर्यंतही पोचत नसे. तेव्हा मला तो यंत्राचा गुण वाटला होता.

सहाव्या दिवशी मी किसन न्हाव्याला बोलावलं. सांगावा तोच फिरवायचा. म्हटलं, "भाऊकीत सांगून ये. सरपन झालं म्हना. कुऱ्हाडी आनू नका, थेट लग्नाच्या हयदीले या."

किसन उभाच राहिला. "सगळ्याइलेच सांगू, वहिनी?"

"सगळ्याइले."

"थोरल्या मालकाकडंबी..."

"तिकडं काऊन? रीत काई असो, तिकडं आपला सांगावाच नसते. जाय लवकर, मले काम पडलं हाय."

त्यानं तोंड उघडलं आणि मी त्याच्या हातावर सुपारी ठेवली. त्याला काही सांगायचं होतं हे मला दिसलं होतं. पण यंत्रात एक लाकूड अर्धं फाटून उभं होतं, आणि ते मला बोलावत होतं. माणसाचं अर्धं वाक्य ठेवून मी लाकडाचा अर्धा तुकडा पुरा करायला गेले. कधी कधी वाटतं, त्या सुपारीचा एवढा वेळ किसनला दिला असता, तर दोन घरं वाचली असती. पण मग लगेच वाटतं, नाही, तेव्हाची मी ऐकलं तरी हसलेच असते.

किसनला सांगायचं होतं ते असं, की जाण्याआधी ह्यांनीच त्याच्या हाती थोरल्या भासऱ्यांना सांगावा धाडला होता. मला न सांगता. आठ वर्षांनी. सुमनच्या सरपणाला या म्हणून.

सातव्या दिवशी सांजेला हे परत आले. मी कंदील घेऊन रास दाखवायला नेलं. जत्रेतल्या पाळण्याच्या मालकासारखी मी बोलत होते. हे राशीच्या कडेनं चालत गेले, परत आले.

"सगळंच फोडलं?"

"सगळं! एक काडी ठिवली नाई."

"चिंचबी?"

"चिंचबी. तेच त आदी फोडली."

"एखांदं ठिवाचं होतं वं."

"काऊन? पूजा कराची होती का त्याची?"

"उद्या सकायचा सांगावा होता."

"मी मना करून धाडलं ना सगळ्याइले. कोनी येत नाई."

"सगळ्याइले?" त्यांनी विचारलं.

"सगळ्याइले," मी म्हटलं.

त्यांना एक नाव विचारायचं होतं, आणि आठ वर्षांत ते नाव त्यांच्या तोंडातून निघालं नव्हतं. त्या दिवशीही निघालं नाही. मला वाटलं, माणूस प्रवासानं थकला. मी पाणी तापवायला गेले, माझ्याच फोडलेल्या लाकडावर, आणि ते किती सरळ जळतं हे पाहत बसले.

सकाळी उजाडता उजाडता ह्यांनी बैल जुंपले. "शेतातून येतो," एवढंच. बांधावर वाळलेल्या मोहाचा एक बुंधा पडून होता, बरीच वर्षं, कोणी न उचललेला. तो आणायला गेले होते, हे मला नंतर कळलं.

हे गेले आणि घटकाभरानं भासरे आले.

धुतलेलं धोतर, डोक्याला स्वच्छ रुमाल, खांद्यावर कुऱ्हाड. दारात उभे. एकटेच. आमच्याकडे सून भासऱ्यांशी तोंडातोंडी बोलत नाही. पदर ओढून आड उभं राहायचं, कोणाकरवी सांगायचं. मी पदर ओढला खरा, पण यंत्राच्या नशेत जीभ काही पदराखाली राहिली नाही.

"या ना भाऊजी, या! पाहा, सगळं झालं. आता तुमाले लोकाइले कष्टच नाई!"

ते आत आले. रास पाहिली. त्यांच्या पायांवर घालायला माझ्याकडे पाणी काढलेलं नव्हतं. हळदीकुंकू तर अजून डब्यातच. पण यंत्र दाखवायची हौस केवढी! आणि फोडायला एक लाकूड शिल्लक नव्हतं. म्हणून मी राशीतून एक फुटलेलीच चिरफळी ओढली, ती पाटावर उभी केली आणि त्यांच्यासमोर पुन्हा फोडून दाखवली. एकाचे दोन, दोनाचे चार केले. आज ते आठवलं की मी एकटी असले तरी तोंडावर पदर घेते.

भासऱ्यांनी शेवटपर्यंत पाहिलं. मग विचारलं, "सगळं झालं?"

"सगळं."

"तो कुठी गेला?"

"शेतात. आले असतीनच. बसा ना, च्या मांडतो."

"बरं झालं," ते म्हणाले. "मेहनत वाचली." आणि कुऱ्हाड एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेऊन निघून गेले. मी त्यांना दारापर्यंत पोचवलंसुद्धा नाही. पाटावरच्या चार चिरफळ्या गोळा करत होते.

हे गाडी घेऊन आले तेव्हा ऊन चढलं होतं. मोहाचा बुंधा आडवा बांधलेला. मी हसत हसत सांगितलं, "तुमचे दादा येऊन गेले! कुऱ्हाड घेऊन! कोनं सांगतलं कोन जाने. काम नाई पाहून गेले माघारी."

हे गाडीच्या धुरेवर बसले.

"पानी देल्लं पायावर?"

"कायचं पानी? लाकूडच नाई त—"

"कुऱ्हाडीले कुकू?"

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात थोडासा उजेड पडू लागला. म्हटलं, "मंग जा ना. बलावून आना. हे लाकूड आनलंच हाय ना तुमी."

"आता?" हे म्हणाले. "आता काय म्हनून बलावू? तुमच्यासाठी एक राखून ठिवलं म्हनू? भीक हाय का थे?"

मी म्हटलं, मी जाते, पाया पडते. हे म्हणाले, "तू राहू दे." बस्स. बैल सोडले. बुंधा गाडीतून उतरवलाही नाही. दोन दिवसांनी गाडी लागली तेव्हा कोणीतरी तो ढकलून दिला.

सणासुदीला, लग्नामुंजीला मी लोकांना रीतीविषयी बोलताना ऐकते, की या जुन्या गोष्टी वेळ खातात. खातातच. ती सबंध सकाळ दोन भावांसाठी ठेवलेली होती. पहिला घाव थोरल्याचा. आईच्या सरणावर जो मान गेला, तो ह्यांनी आठ वर्षं जपून, लेकीच्या अंगणात भावाच्या पुढ्यात ठेवायचा ठरवला होता. मी तो फोडून, रचून, वर ताडपत्री टाकून मोकळी झाले. दोन माणसांचं काम होतं ते, एकानं धरायचं, एकानं मारायचं. मी एकटीनं हापसून टाकलं.

लग्नात भासरे आले. मांडवाच्या शेवटच्या खांबाशी उभं राहून त्यांनी अक्षता टाकल्या. त्या नवरानवरीपर्यंत पोचल्या नसतील. पंगतीला बसले नाहीत. हे वाढपाचं पातेलं हातात धरून खांबाकडे निघाले होते, पण पोचेपर्यंत खांब मोकळा होता. आचारी म्हणाला, "वहिनी, असं सरपन म्या जन्मात पाह्यलं नाई, काय जाय धरते, धूर कसा तो नाई!" आणि मी, तेव्हाही, थोडीशी फुगलेच. जित्याची खोड, दुसरं काय.

त्यानंतरचं सांगण्यासारखं काही नाही. यंत्र दोन उन्हाळे चाललं. मेस्त्रीनं बजावलं होतं, तेल कमी झालं तर मशीनचंच घालायचं. मला वाटलं, तेल ते तेल. मी जवसाचं घातलं. आत त्याचा डिंक झाला आणि पाट जो अर्ध्यावर अडकला तो अडकला. दोघा भावांचीही रस्त्यात गाठ पडायची. एक जण थांबल्यासारखा करायचा, दुसरा पुढे गेलेला असायचा. मग दुसरा थांबायचा. मी ओसरीवरून पाहायची. एकदा तर दोघेही थांबले होते, पाठमोरे, वीस-पंचवीस पावलांवर. मग कोणाचा तरी बैल हंबरला आणि दोघेही चालू लागले.

असेच कोरडे पाच-सहा उन्हाळे गेले. भासरे श्रावणात गेले, तापानं, चार दिवसांत. ह्यांनी खांदा दिला. परत येऊन अंघोळ केली, ओल्या धोतरानंच अंगणात बसून राहिले. मी जेवा म्हटलं नाही. एवढं शहाणपण तोवर शिकले होते. पुढं हे दहा वर्षं जगले, पण त्या सकाळविषयी मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते, शिवी दिली असती, तर मी भांडून घेतलं असतं. भांडण मला जमतं. गप्प बसलेल्या माणसाचं काय करायचं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

भासऱ्यांचा चौदावा झाल्यावर मी थोरल्या जाऊबाईंकडे बसायला गेले. पाव्हणे गेले होते, घर रिकामं होतं. त्या सुपात तूर घेऊन निवडत होत्या. मी काय बोलावं म्हणून त्यांच्या सुपातली मूठभर तूर घेऊन निवडू लागले. मग त्यांनी मान वर न करता, रागानं नाही, कालची भाजी काय केली होती ते सांगावं तशा आवाजात सांगितलं,

"लहानबाई, सुमनच्या सरपनाच्या आदल्या दिवशी मी तेइले म्हटलं, आना थे कुऱ्हाड, दगडावर धार लावून देतो. त म्हने, राहू दे बोथटच. धारेच्या कुऱ्हाडीनं दुपारलेच काम सरून जाईन, मले सांजवरी बसाचं हाय तेच्या अंगनात."